वहिनीची वही, माझ्या अक्षरात

भोरच्या एका मंगल कार्यालयात वरच्या मजल्यावर दर मंगळवारी दुपारी वर्ग भरायचा. दारावर ‘सजगता प्रशिक्षण : आठ आठवडे, फक्त महिलांसाठी’ असा कागद चिकटवलेला असायचा. आमच्या वरवे गावातल्या बायका त्याला ‘डोळं मिटायचा क्लास’ म्हणायच्या. आम्ही रस्त्याला वडापच्या जीपची वाट बघत उभ्या राहिलो की कुणीतरी हमखास विचारायचं, “निघाल्या का डोळं मिटायला?” मी मोबाईलमध्ये बघायचे. उत्तर वहिनी द्यायची. “व्हय. तुमी बी चला की. घरी तुमाला कोन मिटू देतंय?” मग सगळ्या हसायच्या आणि जीप येईपर्यंत वहिनी त्यांच्यातली एक होऊन जायची. त्या गावात मी जन्मले आहे. ती लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी आली.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. वहिनीचं माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातली दहा-बारा घरांची वाडी. तिथून ती आली आणि सहा महिन्यांत आमच्या घराची झाली. आई मला जे कधी सांगायची नाही ते तिला सांगायची. मी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात, पहाटे स्कूलबसमध्ये बसणारी आणि अंधार पडता पडता घरी येणारी. घरात माझ्याबद्दल एकच वाक्य होतं: “तिला काय कळतंय ह्यातलं, तिला अभ्यास करू द्या.” पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला अजूनही थांबून आठवावे लागतात. शेळी आज विणार की उद्या, हे वहिनीला नुसतं तिच्या उभं राहण्यावरून कळायचं.

वर्गाला जायचं मी ठरवलं होतं, वहिनीनं नाही. पुण्यातल्या नोकरीत मला दिवसभर फोनवर बोलावं लागायचं. बोलायच्या आधी छाती घट्ट व्हायची आणि आवाज कुठेतरी निघून जायचा. सात महिन्यांनी मी घरी परत आले. आई लोकांना ‘वर्क फ्रॉम होम चाललंय’ असं सांगायची आणि मी ते खोडून काढलं नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर या वर्गाची माहिती आली. आई म्हणाली, “एकटी कुठं जातीस भोरला? हिला ने संगं. हिलाबी बरं वाटंल.” आदल्या वर्षी वहिनीचं अडीच महिन्यांचं पोट पडलं होतं. त्यानंतर ती नीट झोपत नव्हती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पहिल्याच मंगळवारी वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या की उन्हाळ्यात नसरापूरला दुसरी बॅच सुरू होणार आहे आणि तिच्यासाठी याच वर्गातून एक सहायिका निवडायची आहे. शिकलेली असायला हवी असं काही नाही, फक्त स्वतःच्या अनुभवाकडे नीट बघणारी हवी. मी फार गोष्टी मागणारी मुलगी नाही, त्यामुळे मला काहीतरी हवंय हे माझ्या लगेच लक्षात आलं. सतरंज्या अंथरलेली शांत खोली, हळू आवाजात बोलायचं काम, समोरच्यांचे डोळे मिटलेले. माझ्यासाठीच बनवलेली नोकरी होती ती. शिवाय आईला खरं सांगता आलं असतं.

वर्गात करायचं असं काही अवघड नव्हतं. पाठीवर झोपायचं, डोळे मिटायचे आणि मॅडमच्या आवाजाबरोबर पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत यायचं. तळवा, टाच, पोटरी, गुडघा. जिथे जे जाणवेल ते बघायचं, बदलायचं नाही. पहिल्या दिवशी भोंगवलीच्या अंगणवाडीताई गुडघ्यापर्यंत यायच्या आतच घोरायला लागल्या आणि सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. घरी रोज मोबाईलवर त्यांचं रेकॉर्डिंग लावून वीस मिनिटं हेच करायचं आणि वहीत तीन-चार ओळी लिहायच्या. शरीरात काय जाणवलं, एवढंच. मंगळवारी वह्या जमा व्हायच्या. नावं न घेता मॅडम एखादी नोंद वाचून दाखवायच्या.

मला काही जाणवायचं नाही. हे कबूल करायला मला बरेच महिने लागले. मॅडमचा आवाज म्हणायचा, आता उजव्या पायाचा तळवा. मी उजव्या पायाच्या तळव्याबद्दल काय लिहावं याचा विचार करायचे. मानेखाली माझं काही होतं याचा पुरावा आरशातच होता. पहिल्या आठवड्यात मी ‘शांत वाटलं, श्वास संथ झाला’ असं सात दिवस सात प्रकारे लिहिलं. मॅडमनी वही परत देताना फक्त बरोबरची खूण केली होती.

वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. वाचता येतं, पण लिहायला वेळ लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं स्वतःची वही माझ्या हातात दिली. “वन्सं, तुमीच लिवा बाई माजं. म्या सांगते.” संध्याकाळी ती भाकरी थापायची, मी ओट्याला टेकून उभी राहायचे आणि ती पिठाच्या हातानं बोलायची.

“लिवा. पाठ भुईला सगळी लागत न्हाई. मदी एक पाखरू जाईल एवढी जागा ऱ्हाती.”

दुसऱ्या आठवड्यात एकदा: “डाव्या खांद्यावर अजून कळशी हाय असं वाटतंय. उतरवून ठिवली तरी खांद्याला ठावंच न्हाई.”

मी पेन धरून उभी होते. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मला स्पष्ट आठवतं. हे हिला कसं काय? मी त्याच वीस मिनिटांत शेजारच्याच चटईवर पडले होते. मला पंख्याची पाती दिसली होती, डोळे मिटूनसुद्धा.

त्या दिवशी मी वहिनीच्या वहीत लिहिलं, ‘बरं वाटलं. खांदा थोडा दुखला.’ आणि खोलीत जाऊन माझ्या वहीत लिहिलं, ‘उतरवून ठेवलेलं ओझंही खांद्याला जाणवत राहतं. खांद्याला अजून कळलेलं नाही की ते उतरलं आहे.’

पुढच्या मंगळवारी मॅडमनी तेवढी ओळ वाचून दाखवली. वर्गातल्या दोन बायकांनी आपापल्या खांद्याला हात लावला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. ते आपलंच वाक्य आहे, आपल्याच वहीतलं आहे, असं तिला वाटलं. मॅडम नावं घेत नव्हत्या, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच होतं. वही परत देताना मॅडम मला हळूच म्हणाल्या, “किती बारीक बघतेस तू. असंच चालू ठेव.”

मी चालू ठेवलं.

कामाची पद्धत ठरून गेली. वहिनी सांगायची ते मी मोबाईलच्या नोट्समध्ये उतरवून घ्यायचे, ‘नंतर वहीत नीट लिहिते’ म्हणून. मग तिच्या वहीत दोन सुके शब्द आणि माझ्या वहीत तिचं सगळं. तिचं मी थोडं पुस्तकी करायचे. मला स्वतःला पटवून द्यायला तेवढं पुरायचं. मी तिचं नीटनेटकं मराठी करते आहे, असंही एकदा मनात म्हणून बघितलं.

तिला बरं वाटायला लागलं हे सगळ्यात वाईट. तिसऱ्या आठवड्यापासून ती झोपायला लागली. चवथ्या आठवड्यात आई शेजारणीला कौतुकानं सांगत होती, “पैल्यावानी हसती आता. क्लास लई चांगला हाय बगा.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुला न्हाई का गं काय फरक पडला?” मी म्हटलं, पडला की. माझ्या वहीत तर वर्गातला सगळ्यात मोठा फरक पडला होता. पण वीस मिनिटं संपली की वहिनी उठून बसायची तेव्हा तिचा चेहरा उन्हातून आल्यासारखा असायचा, आणि मी तो बघत बसायचे. ती कुठून आली होती? मला तिथे कुणी का नेत नव्हतं?

पाचव्या आठवड्यात तिचं बोलणं जरा बदललं. ती भाकरी तव्यावर टाकायची, थांबायची आणि मग सांगायची. जवळ कुणी नाही ना ते बघून.

“लिवा, पदर लागला तरी छाती दुखती.”

“लिवा, ओटीपोटात कुनीतरी मूठ मिटून बसल्यागत. दुखत न्हाई. नुस्ती मूठ.”

“लिवा वन्सं, भाताच्या वासाचं. वास नाकाला येतच न्हाई, सरळ पोटात जातोय. नीट लिवा हे. लिवलं का?”

“लिहिलं.”

“वाचून दावा.”

मी मोबाईलवरून वाचून दाखवलं, तिच्याच शब्दांत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुढे काहीतरी म्हणेन अशी वाट बघितल्यासारखी. मी ‘छान’ म्हणाले. तिनं तव्याकडे तोंड फिरवलं.

त्या आठवड्यात मी वहिनीच्या वहीत सहा वेळा ‘बरं वाटलं’ लिहिलं. माझ्या वहीत छाती, मूठ आणि भात. पदराच्या जागी फक्त ओढणी केली, कारण मी साडी नेसत नाही.

सहाव्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला थांबवलं. वहिनी खाली चपला शोधत होती. मला वाटलं सहायिकेचं सांगणार. त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझी वही उघडली.

“एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

“नाही मॅडम.”

“तुझी पाळी कधी आली होती?”

मला प्रश्नच कळला नाही. मी खरं उत्तर दिलं. “परवाच संपली.”

त्यांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “घाबरू नकोस. मी घरी सांगणार नाही. पण हे तू सलग पाच दिवस लिहिलं आहेस. लग्न झालेलं नाही म्हणून विचारायला मला जड जातंय. तसं नसेल, तर मग डॉक्टरांना दाखवायला हवं. मी येते तुझ्याबरोबर.”

वहीवर त्यांचं बोट होतं. छाती, मूठ, भाताचा वास. माझ्याच अक्षरात लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

मी म्हटलं, “पित्ताचं असेल मॅडम.” त्या म्हणाल्या, “पुढच्या मंगळवारपर्यंत मला नक्की सांग.” खालून वहिनीची हाक आली, “वन्सं, जीप भरली! का हितंच डोळं मिटून बसताय?”

परतीच्या वाटेत आम्ही मागच्या बाकावर होतो. प्रत्येक गतिरोधकाला वहिनी एक हात पोटाखाली धरायची आणि गाडी सपाटीला लागली की काढून घ्यायची. गेले दोन-तीन मंगळवार ती तसं करत असणार. मी शेजारीच बसले होते. मी, जिला बारीक बघता येतं.

मला दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या आणि दुसरीची मला अजून लाज वाटते. वहिनीला दिवस गेले आहेत ही पहिली. दुसरी ही, की मी बोलले तर नसरापूर गेलं. मॅडमना खोटं सांगून निभावलं असतं. पित्त बरं झालं म्हणायचं, की संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे वरच्या टाकीपर्यंत पाणी चढत नाही. हंडे भरून जिन्यानं न्यावे लागतात आणि ते काम वहिनीचं आहे, कारण ते कुणीच ठरवलेलं नाही. मी अंगणात दात घासत उभी होते. तिनं हंडा कमरेवर घेतला आणि पहिल्या पायरीवर क्षणभर डोळे मिटले. वर्गात मिटते तसे. आतमध्ये काहीतरी चाचपून बघितलं आणि पाय उचलला.

मी जाऊन हंडा धरला.

“अगं बया! सूर्व कुनीकडं उगवला आज?”

“सोडा वहिनी. मी नेते.”

“तुमाला न्हाई झेपायचा. सांडताल.”

“वहिनी, कितवा महिना?”

तिनं हंडा खाली ठेवला आणि पायरीवर बसली. पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं, तिनं पाय मागे घेतला नाही.

“आत्ता इचारताय व्हय,” ती म्हणाली. “आठ दीस झालं, रोज सांगतीया तुमाला.”

मग आवाज खाली घेऊन तिनं सांगितलं. मागच्या वेळी आईनं दुसऱ्याच महिन्यात गावभर पेढे वाटले. पोट गेलं तेव्हा गावभर उत्तरं द्यावी लागली, ती मात्र तिला एकटीला. म्हणून या वेळी तिसरा महिना भरेपर्यंत तोंडानं बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. नवऱ्याला, म्हणजे माझ्या दादालासुद्धा नाही, “त्यास्नी पोटात ऱ्हात न्हाई कायबी”. पण हंडे उचलायची भीती वाटत होती. वहीत लिहिलं की मॅडम वाचतील, आणि त्याआधी वन्सं लिहितील. वन्सं शिकलेल्या आहेत, समजून जातील, काही न विचारता आत्याबाईंना, म्हणजे आईला, म्हणतील की पाणी मी आणते. तिच्या माहेरात म्हणे असंच असतं, पहिल्यांदा नणंदेला कळतं, आणि नणंद न बोलता हातातलं काम काढून घेते.

“तुमी लिवत हुता, ‘छान’ म्हनत हुता, आन् परत दुसऱ्या दिवशी तिथंच दात घासत हुब्या. मला वाटलं तुमाला नको हाय माजं काय झालेलं.” तिनं हात पुढे केला. “वही आना बरं माजी.”

मी आणली. न आणायचं सुचलं नाही. तिनं ओल्या हाताचं बोट पदराला पुसलं आणि ओळीवर ठेवून वाचायला लागली. तिला वाचायला वेळ लागतो.

“बरं वाटलं,” तिनं वाचलं. पान उलटलं. “बरं वाटलं. पाय दुखले. बरं वाटलं.” पुन्हा उलटलं. “बरं... वाटलं.”

तिच्या जागी मी असते तर वही फेकली असती. तिनं ती मिटून मांडीवर ठेवली. “आन् माजं कुठाय?”

“माझ्या वहीत.”

“तुमच्या कशाला?”

मी सांगितलं. नसरापूरचंही सांगितलं. तिनं हंड्याकडे हनुवटी केली. “न्या वर. आन् सांडू नका.” चौदा हंडे झाले. निम्मा जिना ओला केला. आई बाहेर येऊन म्हणाली, “ही का वाहतीया पाणी?” वहिनी म्हणाली, “मॅडमनी सांगितलंय त्येंना. वजनाचा व्यायाम.” एवढं खोटं ती माझ्यासाठी बोलली की स्वतःसाठी, मला कळलं नाही.

सातव्या मंगळवारी मी दोन्ही वह्या मॅडमच्या पुढे ठेवल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं. छाती घट्ट झाली, आवाज अर्धाच आला, पण वाक्य पूर्ण झालं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्या वहीतल्या बरोबरच्या खुणा एकेक करून बघितल्या, खोडल्या नाहीत. वहिनीला बोलावून भोरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. मला म्हणाल्या, “तुला खरंच काही जाणवत नव्हतं, हे एका दिवशी तरी लिहायचं होतंस.”

सहायिका भोंगवलीच्या अंगणवाडीताई झाल्या. त्यांच्या वहीत पाच आठवडे रोज ‘झोप लागली’ एवढंच होतं. सहाव्यात एके दिवशी ‘झोप लागायच्या आधी जबडा सुटला’ असं होतं. मॅडमनी ते वाचून दाखवलं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेवटच्या दिवशी वहिनीला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ती उठून कळशीचं बोलली, स्वतःच्या तोंडानं. दोन नव्हे, सगळ्याच बायकांनी खांद्याला हात लावला. माझ्या पुस्तकी मराठीत कळशी नव्हतीच, ओझं होतं. मला तेव्हासुद्धा वाईट वाटलं ते चोरल्याचं नाही, नीट न चोरल्याचं.

पण वह्यांचा शेवटचा आठवडा त्याआधी भरायचा होता. सातव्या मंगळवारी मॅडमना सांगून घरी आल्यावर मी ओट्याजवळ जाऊन तिची वही उघडली. वहिनीनं हात धुतले, पुसले आणि वही काढून घेतली. माझीपण.

“आता माजं मी लिवनार. तुमचंबी मीच लिवनार. तुमी नुसतं सांगा.”

“मला काही जाणवत नाही वहिनी.”

“सकाळपासनं तोंड बगा कसं झालंय, आन् म्हनं जाणवत न्हाई. डोळं मिटा. मिटा की!”

मी ओट्याला टेकून डोळे मिटले. तवा तापल्याचा वास होता. ती पेन धरून वाट बघत होती आणि तिला घाई नव्हती.

“इथं,” मी हात ठेवला. “बरगडीच्या खाली. गरम आहे. आणि आवळल्यासारखं. पुण्यात फोन यायच्या आधी व्हायचं ते वर, हे खाली.”

“कशानं?”

“तुमच्यामुळं.”

पेन थांबलं. मी डोळे उघडले नाहीत.

“मी जळते तुमच्यावर.”

“किती दिसापासनं?”

“लग्नाच्या हळदीपासून.”

ती हसली नाही. पेनाचा आवाज यायला लागला, एकेक अक्षर, फार सावकाश. कागदावर एवढ्या जोरानं टेकवत होती की मला ओट्यातून जाणवलं. “जळते... तुमच्यावर,” ती पुटपुटली. “हितं ‘वहिनीवर’ लिवू का? मॅडमला कळाया पायजे कुनावर.”

“लिहा.”

“लिवलं. आन् पाय? पायात काय हाय?”

मी पायाकडे गेले. तळवा, टाच, पोटरी. बराच वेळ शोधलं.

“पायाचं काही कळत नाही.”

“मग तसंच लिवू,” वहिनी म्हणाली, आणि लिहिलं.